देवरे बाईंची झील

देवरे बाई वाक्य कधी पूर्ण करत नसत. "शिंदे, आज डब्यात कळण्याची..." असं म्हणून त्या झाकणावर बोट ठेवायच्या आणि माझ्याकडे बघत बसायच्या. समोरच्याने "भाकरी" म्हटल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

सातपूरच्या कामगार वस्तीतल्या आमच्या शाळेत मी नवीन रुजू झाले, तेव्हा मला वाटलं, बाईंना शब्द आठवत नसावेत. मदत म्हणून मी भराभर शब्द पुरवायला लागले. महिन्याभरात लक्षात आलं की बाईंना सगळं व्यवस्थित आठवतं. त्या शेवटचा शब्द जाणूनबुजून सोडतात आणि कोणीतरी तो उचलेपर्यंत थांबतात. मी विज्ञान शिकवते. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हा माझा दुर्गुण घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. म्हणून एकदा "कळण्याची..." आल्यावर मी मुद्दाम "पुरणपोळी" म्हटलं. बाई रागावल्या नाहीत. "झेललंस," म्हणाल्या, "पण भलतंच झेललंस." आणि त्यांनी झाकण उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली.

त्या पाचवी ते सातवीला मराठी शिकवायच्या. बुटक्या, किरकोळ अंगाच्या, साडीच्या पदराला कायम खडूचा डाग. त्या देहातून तो आवाज कसा निघायचा हे कोडं आहे. बाईंचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गात मी काचेची नळी हातात घेऊन नुसती उभी राहायची, कारण माझी मुलंसुद्धा भिंतीपलीकडचे शब्द झेलायला लागायची. एकदा तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. मागच्या बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत होते. बाई म्हणाल्या, "नामाऐवजी जो शब्द वापरतात त्याला म्हणतात..." आणि थांबल्या. साहेबांच्या दराऱ्यामुळे वर्ग चिडीचूप. बाईही हटेनात. शेवटी साहेबांनीच मान वर न करता "सर्वनाम" म्हटलं. सगळा वर्ग हसला, साहेब ओशाळले, आणि शेऱ्यात त्यांनी लिहिलं की बाईंच्या तासाला विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम असतो. बाईंचं म्हणणं साधं होतं. शब्द मुठीत ठेवू नये, पुढच्याच्या हाती द्यावा.

ही खोड आली होती गाण्यातून, आणि गाणं होतं कमलबरोबरचं. कमल म्हणजे बाईंची धाकटी जाऊ. देवऱ्यांचं गाव सटाण्याच्या पलीकडे. घरची शेती धाकट्या दिरांकडे, त्यामुळे कमल गावी आणि बाई नोकरीपायी नाशकात. पण आजूबाजूच्या पाच-सात गावांत कुठेही हळद असली, की या दोन जावांना बोलावणं यायचंच. त्या हळदीची अहिराणी गाणी गायच्या. बाई ओळ म्हणत आणि शेवटच्या शब्दावर थांबत. कमल तोच शब्द उचलून पुढची ओळ न्यायची. तिने ठेवलेला शब्द पुन्हा बाई उचलत. या उचलून धरण्याला त्यांच्या घरात झील म्हणत. बाई पुढे, कमल झीलकरी. मी एकदाच ऐकलं, बाईंच्या मुलाच्या लग्नात.

"आंगनमां मांडो, मांडोमां नवरी," बाई म्हणाल्या.

"नवरीना हातले हयद लागनी," कमलने उचललं.

अहिराणीत हळदीला हयद म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. आणखी एक कळलं, की दोघींच्या आवाजात मला फरक करता येत नव्हता. सख्ख्या बहिणी नव्हेत, रक्ताचं नातं नाही, पण तीस वर्षं एकमेकींचे शब्द उचलून उचलून आवाज एक झाले होते. एकीचा कुठे संपला आणि दुसरीचा कुठे सुरू झाला, ते ओठांकडे बघून ठरवावं लागत होतं.

आणि कमलचे ओठ दिसायचे नाहीत. ती बाईंच्या एक पाऊल मागे, डाव्या खांद्याआड उभी राहायची. झीलकऱ्याने पुढे यायचं नसतं म्हणे. कोणी मोबाइल काढला की ती आणखी मागे सरकायची. लग्नाच्या सगळ्या चित्रफितींमध्ये कमल म्हणजे एक हिरवी बाही आणि अर्धा कान, आणि आवाजाच्या जागी पोरांचा गोंगाट नाहीतर डीजे.

रोज मधल्या सुट्टीत बाई तिला फोन करायच्या. शाळेत शुद्ध मराठीवरून मुलांची पिसं काढणारी ही बाई फोन कानाला लागला की पार बदलायची. "कमल, काय करी ऱ्हायनी वं?" तिकडून काहीतरी यायचं, इकडून अर्धं वाक्य जायचं, तिकडून उरलेलं यायचं. दोघी मिळून एकच माणूस बोलतोय असं वाटायचं. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही. माझं वाक्य असं पुरं करणारं माझ्या आयुष्यात कोणी नाही. नवरा आहे, पण तो वाक्य तोडतो.

कमल गेली तेव्हा बाई आठ-दहा दिवस गावी होत्या. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. बाई परत आल्या, तास घेतले, वह्या तपासल्या, सगळं पूर्वीसारखं. आम्ही म्हटलं, बाई खंबीर आहेत. मग एके दिवशी डबा उघडताना त्या म्हणाल्या, "शिंदे, आज डब्यात पोळी-भाजी आहे." मी शब्द द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. वाक्य पुरं झालं होतं. मग आठवून बघितलं तर आल्यापासून बाई सगळी वाक्यं पुरी करत होत्या. वर्गातही करत होत्या. पाचवीची मुलं गोंधळून बसलेली असायची, त्यांना झेलायला काही मिळत नव्हतं. आणि गाणं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. दोन हळदींची बोलावणी त्यांनी घसा धरलाय म्हणून परत पाठवली.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं आणि कमलच्या मुलीचं लग्न ठरलं. सोनाली तिचं नाव, पिंपळनेरला बँकेत काम करते. आईला ती माय म्हणायची आणि बाईंना मोठी माय. तिने फोन करून एकच मागणं केलं. बाकी डीजे लावा, काहीही करा, पण हळद लागताना मायची झील पाहिजे.

बाई माझ्याकडे आल्या त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी घरी दार लावून गाऊन बघितलं होतं. पहिली ओळ येत होती. शेवटच्या शब्दावर थांबलं की पुढे कोणी नसायचं आणि घसा तिथेच बंद व्हायचा. झील येणारी दुसरी बाई गावात उरली नव्हती. बाईंनी कुठेतरी ऐकलं होतं की आता घरच्या घरी एकच माणूस दोन्ही आवाज गाऊ शकतो. आधी एक गायचा, मग तो कानात ऐकत त्याच्यावर दुसरा. ऑनलाइन वर्गांच्या काळात मी धडे रेकॉर्ड करायची, म्हणजे त्यांच्या लेखी मी या विषयातली तज्ज्ञ. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण तसं कबूल करणं माझ्या स्वभावात नाही.

कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही बाईंच्या घरी बसलो, म्हणजे भोंगा आणि ट्रकचा आवाज नको. खिडकीला दोन गोधड्या बांधल्या. देवरे काकांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, जिन्यात खुर्ची टाकून बसवलं, कोणी बेल वाजवू नये म्हणून. मी माझा जुना मायक लॅपटॉपला जोडला, बाईंच्या कानावर हेडफोन चढवला आणि म्हणा असं सांगून हात केला. बाईंनी ओळ म्हटली आणि थांबल्या. मग नुसत्याच थांबून राहिल्या. डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे. बऱ्याच वेळाने दुसरी ओळ आली. परत थांबल्या. ओळीगणिक गाणं संथ होत गेलं आणि शेवटाला तर बैलगाडी घाटात अडकावी तसं झालं.

मी थांबवलं. म्हटलं, बाई, जागा ठेवा, पण एवढी कशाला.

"अगं, शब्द परत येतोय ना," त्या म्हणाल्या. "तो संपल्याशिवाय पुढे कसं जाऊ?"

हेडफोन माझ्या कानाला लावून मी "हॅलो" म्हटलं, आणि पाव-अर्ध्या सेकंदाने माझाच "हॅलो" मला कानात ऐकू आला. मग माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. दोन-तीन दिवस मी घरी वाचत बसले आणि मग बाईंना फळ्याशिवाय धडा दिला. आवाज मायकातून लॅपटॉपमध्ये जातो, तिथे त्याचे आकडे होतात, ते आकडे रांगेत उभे राहतात आणि नंबर लागला की पुन्हा आवाज होऊन कानात येतात. रांग लांब, तर आवाज उशिरा. याला लेटन्सी म्हणतात.

"म्हणजे वरातीमागून घोडं," बाई म्हणाल्या. मग मराठीच्या शिक्षिकेला साजेसा प्रश्न विचारला, की याला आपला शब्द काय. मी विलंब म्हटलं. त्यांना ते सरकारी वाटलं. थोडा विचार करून त्यांनीच शब्द काढला, रेंगाळ. मी म्हटलं, रेंगाळ तर रेंगाळ, पण ती घालवायला हवी. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची एक वेगळी डबी मिळते. मायक तिला लावायचा, हेडफोनही तिलाच, आणि ती लॅपटॉपला. चांगली असेल तर रेंगाळ कानाला कळतसुद्धा नाही. बाई हेडफोनच्या वायरशी चाळा करत राहिल्या. त्यांना ते समजलं नाही, असं मी धरून चालले.

महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकानदार पन्नाशीचे, पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांनी आधी आठ मायक लागतील असं मोठं धूड पुढे ठेवलं, त्यावर दिवेच दिवे. एका बाईच्या गळ्यासाठी ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी शाळेच्या वहीत प्रश्न लिहून नेले होते, ते एकेक विचारत गेले. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे डबी आणि लॅपटॉप जोडणारा प्रोग्राम, येतो का, की लॅपटॉपमधल्या साध्यावर भागवायचं, कारण रांग लांब होते ती तिथेच. हेडफोनच्या आवाजाला वेगळं बटण आहे का. मायकाचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता परस्पर कानात पाठवायची सोय आहे का. शेवटचा प्रश्न ऐकून दुकानदारांनी मला जरा मान दिला. म्हणाले, "मॅडम, कागदावरचं सोडा. मायकावर नखाने टकटक करा. कानात एकच टकटक आली तर घ्या, दोन आल्या तर ठेवून द्या."

टकटक करण्याऐवजी बाईंनी एक शब्द म्हणून बघायचं ठरवलं. सगळ्यात स्वस्त डबी आधी लावली. बाई मायकात "नवरी" म्हणाल्या आणि क्षणभराने त्यांचा चेहरा उजळला. "हीच घेऊ," त्या म्हणाल्या, "ही बरी आहे." मी हेडफोन लावून बघितलं, तर दोन नवऱ्या. मी बाईंना सांगितलं की हीच तर खराब आहे. मग दोन मायकांची एक लहान, वजनदार डबी लावली. बाई "नवरी" म्हणाल्या, कानातही त्याच क्षणी "नवरी". दुकानदारांनी अंगठा वर केला. मी खूश झाले. बाईंनी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, तुला कळतं ना, मग हीच घे. रिक्षात त्यांनी डबी माझ्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

पुढच्या सुट्टीला पुन्हा गोधड्या, पुन्हा जिन्यात काका. ड्रायव्हर घातला, रांग जितकी आखूड होईल तितकी केली. बाईंनी ओळ म्हटली. शेवटचा शब्द ठेवला. कानात काहीच परत आलं नाही, कारण मी ती सगळी सोय चोख केली होती. बाई डोळे मिटून थांबल्या. थांबल्या आणि थांबूनच राहिल्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि लॅपटॉपकडे नाही, दाराकडे बघितलं.

"आज नाही आली," त्या म्हणाल्या.

मी विचारणार होते, कोण. तेवढ्यात कळलं, आणि इतकी लाज वाटली की हातातली वायर मी उगाच गुंडाळत बसले. पहिल्या दिवशी बाई स्वतःच्या आवाजासाठी थांबल्या नव्हत्या. ठेवलेला शब्द कोणीतरी मागून उचलत होतं, आणि दोघींचा आवाज तर एकच होता. बाईंना ते यंत्र आहे हे ठाऊक होतं, त्या काही खुळ्या नव्हत्या. पण दीड वर्षांत पहिल्यांदा त्यांचा शब्द जमिनीवर पडला नव्हता. आणि मी दोन-तीन दिवस वाचन करून, दुकान पालथं घालून, नेमकी तेवढीच एक चूक दुरुस्त केली होती.

मी नवी डबी लांब रांगेवर लावली. परस्पर कानात जाणारा आवाज बंद केला आणि लॅपटॉपला वळसा घालूनच येऊ दिला. रेंगाळ नको म्हणून जी वस्तू आणली, तिच्यावर रेंगाळ वाढवायचं काम मी त्या दुपारी केलं. बाई गायल्या. पूर्ण गाणं, एकाच बैठकीत. प्रत्येक ओळीनंतर त्या थांबत होत्या, कानात येणारा शब्द ऐकत होत्या आणि मान हलवून कमलच्या सबंध ओळीएवढी जागा मोकळी सोडत होत्या. त्या जागेत हेडफोनमध्ये काही नव्हतं. बाईंना पुरेसं होतं. काका जिन्यातून उठून दाराशी येऊन उभे राहिले होते, ते मला नंतर दिसलं.

आता मोकळ्या जागांमध्ये झील भरायची होती. ती सोपी असेल असं आम्हा दोघींना वाटलं. रांग पुन्हा आखूड केली, बाईंच्या कानात बाईंचंच गाणं लावलं. शब्द आला, बाईंनी उचलला, आणि उशीर झाला. पुन्हा केलं, पुन्हा उशीर. मी ड्रायव्हर तपासला, वायर बदलली, मायकावर टकटक करून बघितली. टकटक एकच येत होती. तीन सुट्ट्या आम्ही यात घालवल्या. लग्न दहा दिवसांवर आलं. बाईंचा आवाज बसायला आला होता आणि मी डबीला शिव्या देत होते.

"तिला बोलू नको," बाई म्हणाल्या. "मशीन वेळेवर आहे. मीच उशिरा आहे."

मग हेडफोन गळ्यात ठेवून त्या सावकाश बोलल्या. मी त्यांचं एवढं लांब बोलणं कधी ऐकलं नव्हतं. आयुष्यभर त्या पुढे गायल्या. शब्द टाकला की तो झेलला जायचा, इतकंच त्यांना माहीत. झेलायचं कसं हे कधी बघितलंच नाही, कारण कमल पाठीमागे असायची. आता कळत होतं की शब्द आल्यावर उचलायला गेलं तर तो गेलेलाच असतो. शब्द यायच्या आधी श्वास घेऊन तयार राहावं लागतं, म्हणजे पुढचीचा श्वासही आपणच मोजायचा. "तीस वर्षं ती माझा श्वास मोजत होती," बाई म्हणाल्या, "आणि लोक म्हणायचे, देवरे बाई काय गातात." एवढं बोलून त्या रडल्या. कमल गेल्यावर मी त्यांना रडताना तेव्हाच बघितलं.

मी माझ्या स्वभावाला जागले. घरी जाऊन बाईंची झील माउसने धरून अलीकडे ओढली आणि प्रत्येक ओळ जिथल्या तिथे बसवली. उशीर औषधालाही उरला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंना ऐकवलं. त्यांनी शांतपणे पूर्ण ऐकलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, हे वेळेवर आहे, पण हे झेललेलं नाही, चिकटवलेलं आहे. सोनालीला कळेल. मी ते पुसून टाकलं. मग म्हटलं, निदान मोकळ्या जागा तरी कापते, लोकांना वाटेल स्पीकर बिघडला. बाईंनी तेही करू दिलं नाही. आहे तसंच ते अर्धं गाणं त्यांनी पेन ड्राइव्हमध्ये घालून घेतलं आणि तो पदराच्या टोकाला गाठीत बांधला.

हळदीला मी गेले होते. चांदवडच्या पुढे कांद्याचे ट्रॅक्टर इतके होते की आमची गाडी जेमतेम वेळेत पोचली. अंगणात मांडव, मध्ये पाटावर सोनाली, भोवती गावातल्या बाया. सोनाली ताठ बसली होती आणि सारखी मोठ्या मायकडे बघत होती. झील नाही, नुसतं अर्धं गाणं आहे, हे तिला सांगायचं धाडस बाईंना झालं नव्हतं. डीजेवाल्याने गाणं लावलं.

स्पीकरमधून बाई म्हणाल्या, "आंगनमां मांडो, मांडोमां नवरी." आणि शांतता. बायांनी हळदीचे हात थांबवले. डीजेवाला वायर हलवायला लागला. मी खूण करून त्याला थांबवलं. सोनालीने मान खाली घातली. दुसरी ओळही तशीच रिकामी गेली.

बाई तोवर मांडवाच्या खांबापाशी उभ्या होत्या. त्या चालत आल्या आणि सोनालीच्या पुढे न बसता तिच्या मागे, एक पाऊल मागे, डाव्या खांद्याआड जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या ओळीचा शब्द स्पीकरमधून यायच्या आधी त्यांची छाती भरलेली मी बघितली. शब्द आला आणि बाईंनी तो उचलला. ना लवकर, ना उशिरा. दोन आवाज होते आणि फरक करता येत नव्हता. मागच्या रांगेतली एक म्हातारी "कमल वं" म्हणाली आणि तिने तोंडाला पदर लावला. स्पीकरमधल्या देवरे बाई पुढे गात होत्या आणि मांडवातल्या देवरे बाई मागून झेलत होत्या. तीन सुट्ट्यांत जे एकदाही जमलं नव्हतं ते ओळीमागून ओळ जमत होतं.

त्यानंतर बाई नाशकात राहायला आल्या नाहीत. त्याच महिन्यात निवृत्त झाल्या आणि काकांबरोबर मुलाकडे सुरतेला गेल्या. फोन असतो, पण फोनवर त्या पूर्ण वाक्यात बोलतात आणि लवकर ठेवतात. डबी माझ्याकडे आहे. कधीतरी रांग लांब करून मी तिच्यात एखादा शब्द टाकून बघते. परत येतो तो माझाच आवाज असतो. स्टाफरूममध्ये आता सगळे आपापली वाक्यं पुरी करतात, आणि मधली सुट्टी फार मोठी वाटते.

मला बाई आठवतात त्या मांडवातल्या, गाण्याच्या शेवटी. शेवटची ओळ होती, "डोयामां पानी, पानीमां माय." स्पीकरमधल्या बाई मायवर थांबल्या. आता तोच शब्द मागून उचलायचा होता. बाईंची छाती भरली, ओठ उघडले आणि आवाज फुटला नाही. जागा रिकामी जात राहिली. मग सोनालीने मागे वळून न बघता, गाण्यात नाही, साध्या हाक मारायच्या आवाजात म्हटलं, "माय."

बाईंनी हळदीने माखलेला हात तिच्या खांद्यावर ठेवला.

"आठेच शे," त्या म्हणाल्या. "आठेच शे, बेटा."

मला अहिराणी फारशी येत नाही. इथेच आहे, एवढं कळलं. कोण, ते तिथे कोणीच विचारलं नाही.